सलामत, खबर आणि एक चादर

तर झालं असं. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त मलेशियात, इपोहला असतो. मागे त्याला डेंग्यू झाला. आम्ही इकडे सोलापुरात हवालदिल, आणि तिकडे शेजारच्या मलय बाई रोज पेज करून त्याला भरवत होत्या. भाऊ त्यांना ‘मकचिक’ म्हणतो, म्हणजे आपल्याकडची मावशीच. तो बरा झाल्यावर आईने जाहीर केलं, "मला त्या बाईशी बोलायचंय. मध्ये तुम्ही कुणी नको. त्यांच्याच भाषेत बोलणार."

आईला मराठी येतं, बाजारापुरतं कानडी आणि शेजारापुरतं तेलुगू. सोलापुरात एवढं सगळ्यांनाच येतं. पण मलय? मी हसले, तर म्हणाली, "डॉक्टर कोटणीस चिनी शिकले ना? मला चार शब्द येणार नाहीत?"

यावर काय बोलणार! आमच्या गावचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, चिनी शिकले आणि त्याच भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं आता स्मारक झालंय.

शिकवणी सुरू झाली. रोज रात्री फोनवर एक शब्द. सकाळी भेटलं तर ‘सलामत पागी’, रात्री ‘सलामत मालम’. आई म्हणाली, "सलामत? हे तर आपलंच." मग ‘आपा खबर?’ म्हणजे ‘काय खबर?’, कसं काय चाललंय. त्यावर उत्तर ‘खबर बाईक’, खबर चांगली आहे. आईचा उत्साह दुणावला.

मलाही कुतूहल वाटलं म्हणून थोडं वाचलं. सलामत आणि खबर हे दोन्ही मुळात अरबी शब्द. आपल्याकडे ते फारसीतून, दरबारातून आणि कचेरीतून आले; तिकडे इस्लाम आणि व्यापाराबरोबर गेले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी ‘खबर’ मराठीत राहिलीच. बोलण्यात रुळलेला शब्द सहजासहजी हलत नाही.

त्याआधीचा थर संस्कृतचा. नामा, गुरू, भाषेला ‘बहासा’, उपवासाला ‘पुआसा’, कापसाला चक्क ‘कापास’! सुमात्रा बेटावर पालेम्बांगजवळ १९२० साली एक शिलालेख सापडला. तो सातव्या शतकातला, श्रीविजय राज्याचा, जुन्या मलयमधला. लिपी दक्षिण भारतातल्या पल्लवांची, आणि सुरुवात ‘स्वस्ति श्री’ने! आपल्या आजोबांच्या पत्रांसारखीच.

मग आठवला आपला हत्तरसंग कुडलचा शिलालेख. सोलापूरपासून जवळच, भीमा-सीनेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळात. शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८. त्यातल्या मराठी ओळीचा अर्थ असा, की जो हे वाचेल तो विजयी होईल. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या त्या मराठी माणसाने काय केलं, तर न पाहिलेल्या वाचणाऱ्याचं भलं चिंतलं. ‘स्वस्ति’ म्हणजे तरी दुसरं काय? आणि ‘सलामत’ म्हणजे? देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण समोरच्याला पहिल्यांदा म्हणायचं ते हेच, की सुखरूप असा.

खरी अडचण आली आभारांपाशी. आपण घरात, शेजारात आभार कुठे मानतो? ‘धन्यवाद’ म्हटलं तर माणूस परका होतो. मलयमध्ये म्हणतात ‘तरिमा कासिह’. तरिमा म्हणजे स्वीकारणं, कासिह म्हणजे माया. ‘तुमची माया पोचली’ असंच की! हे ऐकून आई जरा गप्प झाली. मग म्हणाली, "हे म्हणता येईल."

रविवारी सकाळी फोन लागला. आई इतकी गडबडली की भर सकाळी ‘सलामत मालम’ म्हणाली. मकचिक खळखळून हसल्या. मग आईने हात जोडून सावकाश म्हटलं, "तरिमा कासिह." त्या म्हणाल्या, "सामा-सामा." आपलं ‘सम-सम’च ते; जेवढं तुमचं, तेवढंच माझं. पुढचं दोघींचं बोलणं कुठल्या भाषेत झालं ते मला सांगता येणार नाही, पण दहा मिनिटं चाललं!

दिवाळीला भाऊ आला. परत जाताना आईने मकचिकसाठी सोलापुरी चादर दिली. त्याने सांगितलं, अंथरायच्या चादरीला मलयमध्येही ‘चादर’च म्हणतात. आता यावर काय लिहू?

निरोपासाठी मात्र त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. जाणाऱ्याला म्हणायचं ‘सलामत जालान’, म्हणजे प्रवास सुखाचा होवो. मागे राहणाऱ्याला ‘सलामत तिंगाल’, सुखरूप राहा. आपण बहुतेकदा जाणाऱ्याचीच काळजी करतो. स्टेशनवर सिद्धेश्वर एक्सप्रेस हलली तेव्हा भाऊ दारातून म्हणाला, "आई, सलामत तिंगाल."

आई म्हणाली, "सलामत जालान." आणि लगेच, गाडीबरोबर दोन पावलं चालत, "पण येतो म्हण रे आधी!"