आयलीन ग्रे कोण होत्या? त्यांच्या घराचं श्रेय दुसऱ्यांना का मिळालं?

गोल काच, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि वर-खाली करता येणारं छोटंसं टेबल. ऑनलाइन फर्निचर शोधताना तुम्ही ते पाहिलं असेल. हे डिझाइन जवळपास १०० वर्षं जुनं आहे आणि ते आयलीन ग्रे यांचं आहे.

ग्रे यांचा जन्म १८७८ साली आयर्लंडमध्ये झाला, पण आयुष्य गेलं पॅरिसमध्ये. तिथे सेइझो सुगावारा या जपानी कारागिराकडून त्या लाखकाम शिकल्या. पुढे फर्निचर आणि गालिचे विकणारं दुकान काढलं. वास्तुकलेचं औपचारिक शिक्षण मात्र त्यांनी कधीच घेतलं नाही.

घर म्हणजे नेमकं काय?

१९२६ ते १९२९ दरम्यान, पन्नाशीला टेकलेल्या ग्रे यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पहिलं घर उभारलं. नाव 'ई-१०२७'. 'ई' म्हणजे आयलीनचं आद्याक्षर. इंग्रजी वर्णमालेतलं दहावं अक्षर 'जे' आणि दुसरं 'बी' म्हणजे त्यांचे जोडीदार जाँ बादोविची, तर सातवं 'जी' म्हणजे ग्रे.

त्या काळी घराला 'राहण्याचं यंत्र' म्हणण्याची फॅशन होती. ग्रे यांना ते पटत नव्हतं. ऊन कुठून येतं, वारा कसा वाहतो, माणूस कुठे बसून वाचेल, याचा विचार आधी. भिंती, कपाटं, दिवे, खुर्च्या हे सगळं एकाच विचारातून आलं. ते टेबलही याच घरासाठी केलेलं. त्याचा पाय पलंगाखाली सरकतो, म्हणजे नाश्ता अंथरुणातच!

मग वाद कसला?

ग्रे घर सोडून गेल्या. १९३८-३९ मध्ये ल कॉर्बुझिए यांनी, म्हणजे आपल्या चंदीगडचे वास्तुकार, त्यांना न विचारता तिथल्या भिंतींवर चित्रं रंगवली. ग्रे यांच्या लेखी ती घराची नासधूस होती. पुढे कित्येक वर्षं हे घर कधी बादोविची यांचं, तर कधी कॉर्बुझिए यांचं म्हणून ओळखलं गेलं.

१९६८ मधल्या एका लेखाने ग्रे यांच्याकडे पुन्हा लक्ष वेधलं. तेव्हा त्या नव्वदीत होत्या. १९७६ मध्ये त्यांचं निधन झालं. २००९ च्या लिलावात त्यांची एक खुर्ची सुमारे २.१९ कोटी युरोंना विकली गेली.

आज ते घर दुरुस्त होऊन पर्यटकांसाठी खुलं आहे. कॉर्बुझिए यांची चित्रं अजूनही भिंतींवर आहेत, पण घर कुणाचं, हे आता विचारावं लागत नाही.