वेठबिगारीतून सुटका : पळणाऱ्यांवरील व सोडवणाऱ्यांवरील संकटे (मावळ-लोणावळा)

उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फेडण्याच्या नावाखाली अडकवून ठेवलेला मजूर मालकाच्या ताब्यातून निघून गेला, किंवा दुसऱ्या कोणी त्याला सोडवले, तर दोघांवर जी संकटे ओढवतात त्यांची ही नोंद आहे. मावळ तालुका, लोणावळा आणि बोरघाटाखालील खालापूर-कर्जत या पट्ट्यात हा प्रश्न मुख्यतः कातकरी (काथोडी) समाजाचा आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात या जमातीची संख्या सुमारे 2 लाख 85 हजार होती. विशेष असुरक्षित आदिवासी गटांत तिचा समावेश होतो. खैरापासून कात काढणे हा तिचा जुना धंदा. जंगले राखीव झाली, तो धंदा बसला आणि कोळसा पाडणे, विटा थापणे, शेतमजुरी यांवर पोट आले.

माणसे बांधून ठेवण्याची रीत जुनी आहे : पेशवाईत कुणबिणींची (गुलाम स्त्रियांची) खरेदी-विक्री होत असे. सरकारी कोठारे, पागा आणि किल्ल्यांवरही त्या राबत. 1843 च्या कायद्याने गुलामावरील मालकी हक्काला कंपनी सरकारच्या न्यायालयांत आधार उरला नाही. मात्र 1859 च्या 13 व्या कायद्याने आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला व मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करता येऊ लागले. कामावर परतण्याचा हुकूम त्याने मोडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होती. तो कायदा 1920 च्या दशकात रद्द झाला, तरी उचल घेऊन पळाला तो चोर, ही समजूत अजून शाबूत आहे. पुढील बहुतेक धोक्यांचे मूळ तिच्यातच आहे.

भर पावसाळ्यात काम नसते आणि घरातले धान्य संपलेले असते, तेव्हा मुकादम (मजूर पुरवणारा) उचल देतो. दिवाळीनंतर अख्खे कुटुंब वीटभट्टीवर जाते, ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. विटांचा दर हजारावर ठरतो, पण दर आठवड्याला हाती पडते ती फक्त खर्ची, म्हणजे पोटापुरते पैसे. हिशेब हंगामाच्या अखेरीस, मालकाच्या वहीतून होतो. अवकाळी पावसाने कच्च्या विटांचा चिखल झाला तर ते नुकसानही पुष्कळदा मजुराच्याच अंगावर पडते. बाकी निघते, ती पुढच्या वर्षावर जाते.

निघून जायचे तर सगळ्यांना एकदम जाता येत नाही. एखादा तरुण गेला की मागे राहिलेले आईबाप व पोरे ओलीस ठरतात. त्यांची खर्ची तुटते, मारहाण होते. कुटुंब रात्रीत निघालेच तर भांडीकुंडी, कोंबड्या, कधी रेशनकार्डही झोपडीत राहते, आणि पुढे मुक्त मजूर म्हणून नोंद करताना नेमकी तीच कागदपत्रे मागितली जातात. त्यांना लपायला जागा नसते, कारण कुटुंब जाणार आपल्या वाडीवरच आणि वाडी मालकाला ठाऊक असते. अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या नावावरील जमिनीवर आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गानंतर मावळात जमिनीला सोन्याचा भाव आला, त्यामुळे घरावरून हुसकण्याची धमकी पोकळ राहिलेली नाही. बाहेरून येणाऱ्याला भट्टीवरची मारहाण दिसते, मजुराला मात्र घर जाण्याचे भय अधिक असते. मुलांची अवस्था याहून वाईट. 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी मुले काही हजार रुपये किंवा एखादी मेंढी देऊन मेंढपाळांकडे राबायला नेल्याचे उघड झाले, ते एका दहा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर.

उचल घेऊन पळाला तो चोर, ही समजूत सोडवणाऱ्यांनाही भोवते. मजुराला चोर ठरवले की मदतनीस चोराचा साथीदार होतो. मजूर पळवल्याच्या, खंडणी मागितल्याच्या तक्रारी होतात. ठाणे जिल्ह्यात विवेक व विद्युल्लता पंडित यांनी 1982 मध्ये स्थापलेल्या श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हल्ले व खोटे खटले दोन्ही सोसले. 1999 मध्ये पंडित दांपत्याला लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार मिळाला. सर्वांत उघड्यावर असतो तो वाडीतलाच खबर देणारा माणूस. कार्यकर्ता संध्याकाळी शहरात परततो. खबर देणाऱ्याला मात्र त्याच गावात दुकानदाराकडे उधारी मागायची असते.

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, 1976 ने हा डाव उलटवला. त्यानुसार वेठबिगारीचे कर्ज आपोआप संपते. एखादे कर्ज वेठबिगारीचे नव्हते, हे सावकाराने सिद्ध करायचे असते (कलम 15). मुक्त मजुराला राहत्या घरातून काढता येत नाही (कलम 8). गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि मजूर आदिवासी असल्यास अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो. प्रत्यक्षात मुक्तीचा दाखला वेळेवर मिळणे सर्वांत महत्त्वाचे असते. तो हाती नसलेला मजूर मालकाच्या लेखी कर्जबुडव्याच राहतो. मावळातील कुटुंबाला तहसीलसाठी वडगाव आणि आदिवासी प्रकल्प कार्यालयासाठी आंबेगाव तालुक्यातील घोडेगाव गाठावे लागते. एकेका खेपेला रोजगार बुडतो. 2016 च्या केंद्रीय योजनेत पुरुषाला 1 लाख, स्त्रिया व मुलांना 2 लाख आणि अतिशोषणाच्या प्रकरणी 3 लाख रुपये ठरले, पण तातडीची रक्कम वगळता उरलेली मदत आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडली गेली. शिक्षा देणे न्यायालयाच्या हाती असताना त्यापायी पीडिताची मदत अडवणे अन्यायाचे आहे. खटला रेंगाळतो, तोवर पावसाळा येतो, पुन्हा उचल घ्यावी लागते आणि साक्षीदारच दूरच्या भट्टीवर निघून जातो.

याच अधिनियमाखालील जिल्हा व उपविभाग स्तरावरील दक्षता समितीच्या कामांत एक कलम फारसे वापरले जात नाही : मुक्त मजुरावर वसुलीचा दावा झाल्यास समितीने त्याचा बचाव करायचा असतो आणि त्यासाठी आपला एक सदस्य अधिकृतपणे नेमता येतो.