किल्लारीच्या भिंती

सह्याद्रीच्या माथ्यापासून थेट यवतमाळकडील आर्णीपर्यंत जो काळा पाषाण पसरला आहे, तो अचल आहे असा विद्वानांचाहि दीर्घकाळ समज होता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनानगर हादरलें, तेव्हां त्या समजास मोठा तडा गेला. परंतु त्याचा दोष धरणाच्या जलाशयाकडे गेला आणि बाकीचा मुलूख निर्धास्त राहिला.

लातूर जिल्ह्यांतील किल्लारीस १९९२ च्या ऑगस्टपासून लहानसहान धक्के बसत होते. ऑक्टोबरांत एक बराच जोराचा बसला. पुढें ते थांबले. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपतीचें विसर्जन करून गांव निजलेला असतां, पहाटे चार वाजण्यास कांहीं मिनिटें असतांना भूमि हादरली. धक्क्याचें मान सुमारें ६.२, म्हणजे जगांतील भूकंपांत मध्यमच. परंतु उगम उथळ, त्यामुळें सारा जोर थोड्या मुलुखावर पडला. जवळजवळ आठ हजार माणसें दगावलीं.

खरा घात केला तो घरांनीं. ओबडधोबड दगडांच्या दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती. दगड सांधण्यास नुसती माती. दोन्ही अंगांस बांधून धरणारा आरपार दगड बहुधा नाहीं. वर माळवद! पावसाळ्यापूर्वीं त्यावर पांढरी माती घालावयाची, म्हणजे घर गळत नाहीं व उन्हाळ्यांत गारहि राहतें. अशा रीतीनें पिढ्यान्‌पिढ्या त्या छपराचें ओझें वाढत गेलें. भिंत जितकी जाड तितकें घर अभेद्य, ही समजूत चोरादरोडेखोरांच्या काळांत खोटी नव्हती. हादऱ्यासरशीं मात्र भिंतींचे दोन पदर फुटून वेगळे झाले आणि दगडमातीचा ढीग निजलेल्यांवर कोसळला. अरुंद बोळांत धांवत आलेल्यांसहि वाट उरली नाहीं. याच्या उलट, गवताच्या झोंपड्यांत राहणारीं गरीब माणसें पुष्कळशीं वांचलीं. ज्यांच्याजवळ वाडा बांधण्याइतका पैसा होता, त्यांच्याच घरांवर काळ आला, हा दैवाचा विलक्षण न्याय म्हणावयाचा!

पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. तेथें रस्ते रुंद व घरें एकमेकांपासून दूर. शेजारणीस हांक मारावयाची तरी उठून जावें लागे. इतरत्र कित्येक जुनीं घरें आरपार बांधणी देऊन मजबूत करण्यांत आलीं. भूकंपाच्या सरकारी नकाशांत किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होती. २००२ सालीं तो पट्टाच नकाशांतून काढून टाकण्यांत आला.