तोंदोनियाच्या पिपांची कुळकथा

स्पेनच्या उत्तर भागात एब्रो नदीकाठी पसरलेल्या रिओहा प्रांताची तांबडी वाइन ओकच्या पिपांत वर्षानुवर्षे मुरवण्याची रीत तेथे अनादिकालापासून चालत आली असावी, असे आरो गावातील कोणतेही जुने तळघर पाहून वाटते. वस्तुतः ती फ्रान्समधील बोर्दोहून आली, आणि तिचा पहिला प्रवेश निष्फळ ठरला. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाबास्तीदा गावच्या मान्वेल किन्तानो या धर्माधिकाऱ्याने बोर्दोच्या धर्तीवर वाइन पिपांत मुरवून पाहिली व ती उत्तम टिकलीही. परंतु साऱ्यांची वाइन एकाच निरखाने विकावी असा स्थानिक अंमलदारांचा दंडक असल्याने पिपांचा खर्चही वसूल होईना, आणि एका सद्हेतूच्या माणसाचा उद्योग, माझ्या मते अन्यायाने, बुडाला.

पुढे हे कार्य एका किड्याने सिद्धीस नेले. फायलॉक्सेरा नामक सूक्ष्म कीटकाने फ्रान्समधील द्राक्षवेलींच्या मुळ्या पोखरल्या, तेव्हा मालाच्या शोधात निघालेले बोर्दोचे व्यापारी, रेल्वेची सोय पाहून, आरोच्या स्थानकाभोवती पेढ्या थाटून बसले. त्यांच्या सहवासात हा धंदा शिकलेल्या राफाएल लोपेझ दे एरेदिया यांनी 1877 साली स्वतःची पेढी स्थापिली. तो कीटक 1899 साली रिओहातही पोहोचला आणि जुन्या बागा उजाड झाल्या. तथापि अमेरिकी खुंटावर कलमे बांधण्याचा उपाय तोवर सर्वांस ठाऊक होता, आणि 1913-14 च्या सुमारास राफाएल यांनी एब्रोच्या वळणात तोंदोनिया हा शंभरावर हेक्टरांचा मळा उभा केला.

या घराण्याची खरी मिरास मला त्या मळ्यापेक्षाही त्यांच्या पीपशाळेत दिसते. अमेरिकी ओकच्या फळ्या उघड्यावर सुकवून, तासून, एका टोकाशी लोखंडी कड्यांत उभ्या बसवायच्या, आत लाकडाच्या ढलप्यांचा जाळ करून त्या तापवायच्या, आणि लाकूड मऊ पडताच दुसरे टोक आवळून कड्या ठोकत न्यायच्या. खिळा नाही, सरस नाही, आणि तरीही सुमारे 225 लिटरांचे ते पीप थेंबभर गळत नाही. तेम्प्रानियो, गार्नाचो, ग्रासियानो व माथ्वेलो या चार जातींच्या द्राक्षांची वाइन त्यात विसावते. अधूनमधून ती गाळावरून हलकेच दुसऱ्या पिपात उतरवतात, अंड्याच्या पांढऱ्या बलकाने निवळतात, आणि बुचांना पोखरणाऱ्या पतंगांना कोळी खातात म्हणून तळघरातील जाळ्यांनाही कोणी केरसुणी लावत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी टाक्या आल्या, मुरवण्याचा काळ आखूड झाला, आणि बहुतेक पेढ्यांनी ती सोय पत्करली. लोपेझ दे एरेदिया यांनी मात्र जुना रिवाज सोडला नाही: तोंदोनियाची ‘रेसेर्वा’ सुमारे सहा वर्षे पिपात राहते, ‘ग्रान रेसेर्वा’ त्याहूनही अधिक, आणि त्यानंतर बाटलीत आणखी कित्येक वर्षे. इतके दिवस भांडवल अडकवून ठेवणे भागधारकांच्या कंपनीला क्वचितच परवडेल. येथे कारभार आजही घराण्याच्या चौथ्या पिढीच्या हाती आहे, आणि बापाने भरलेली पिपे मुलांनी रिकामी करावीत, हे त्या घरात गृहीतच धरलेले असते.