लक्ष्मणरावांनीं राजीनामा देण्यापूर्वीं

गेल्या श्रावणांत आमच्या शेजारचा एक तरुण मजकडे आला. वय तिशीच्या अलीकडे, शिक्षण यंत्रशास्त्राचें, नोकरी एका मोठ्या कारखान्याच्या आराखडे काढण्याच्या खात्यांत. घरीं आई, पत्नी व दोन वर्षांची मुलगी. नोकरी सोडून पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचा, व पुढें जमल्यास तयार करण्याचा, स्वतःचा धंदा काढावा असें त्याच्या मनानें घेतलें होतें. आणि आपण या कामास योग्य आहों कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं त्यानें एक छापील प्रश्नपत्रिका सोडविली होती. प्रश्न २५, प्रत्येकास ४ गुण. आपणांस धोका पत्करणें आवडतें काय? अनोळखी माणसाशीं बोलतांना संकोच वाटतो काय? अपयशानें आपली झोप उडते काय? ७० गुण मिळविणारा धंद्यास योग्य, असा खालीं निवाडा दिलेला. त्याला ६८ मिळाले होते. "काका, दोन गुणांसाठीं नापास झालों," असें तो हंसत म्हणाला. परंतु तें हंसणें कांहीं खरें नव्हतें.

तीस वर्षें महिन्याच्या पहिल्या तारखेस वेतन घेणाऱ्या प्राध्यापकानें याला काय सांगावें? काठावर बसून पोहणें शिकविण्यासारखेंच तें. तथापि इतिहास शिकविणाऱ्यास एक सोय असते. जिवंत माणसाला जो प्रश्न सुटत नाहीं तो होऊन गेलेल्या माणसापुढें ठेवून पाहतां येतो. ती पत्रिका मीं ठेवून घेतली आणि रात्रीं लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्करांच्या नांवानें सोडविण्यास बसलों.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकलेची हौस म्हणून १८८५ सालीं ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत गेले, आणि तेथें असें आढळून आलें कीं त्यांच्या डोळ्यांस कांहीं रंगांमधील भेदच कळत नाहीं. चित्रकार होऊं पाहणाऱ्यास याहून मोठा तडाखा तो कोणता? रंगांचा नाद सोडून ते यांत्रिक रेखांकनाकडे वळले, त्यांत तरबेज झाले, व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तोच विषय शिकवूं लागले. म्हणजे माझ्यापुढील तरुणाप्रमाणें हाहि आराखडे काढणारा नोकरदारच. पत्रिकेचें दुसरें पान उलटतांच त्यांचे गुण भराभर घसरूं लागले. पुरेसें भांडवल जवळ आहे काय? नाहीं. आरंभिलेला एखादा मार्ग अर्ध्यावर सोडावा लागला काय? सोडावा लागला. मालाची विक्री स्वतः करतां काय? नाहीं, तें काम भावाकडे. मीं कितीहि सढळ हातानें गुण दिले तरी बेरीज ५० च्या पलीकडे जाईना.

त्या काळीं उद्योगाच्या उपदेशाला मात्र तोटा नव्हता. १८९० सालीं पुण्यास औद्योगिक परिषद भरली. न्यायमूर्ति रानड्यांनीं अर्थशास्त्राची बाजू मांडली आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांनीं तर या कामापायीं जिवाचें रान केलें. रानडे सरकारी न्यायाधीश, आणि ऐकणारा वर्ग मुख्यतः वकील, शिक्षक व नोकरदार यांचा. हें मी उपहासानें लिहीत नाहीं. मीहि त्याच वर्गांतला. पण व्याख्यान ऐकून घरीं गेल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं नेमकें काय करावयाचें, हें त्या व्याख्यानांत नसे.

लक्ष्मणरावांनीं नोकरी सोडल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. इन्स्टिट्यूटमध्यें ज्या बढतीवर त्यांचा हक्क होता ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली, आणि त्या अपमानानें त्यांनीं राजीनामा देऊन बेळगांव गांठलें. कथा खरी आहे. तिच्यांतून सामान्यतः जो बोध काढतात तो मला पटत नाहीं. असे अपमान काय एकट्या लक्ष्मणरावांचेच झाले? बढती हुकलेले हिंदी नोकर त्या काळीं प्रत्येक कचेरींत होते. ते रात्रीं घरीं चरफडत आणि सकाळीं वेळेवर कामावर हजर होत. मग हाच एक गृहस्थ परत कां गेला नाहीं? त्याचें उत्तर राजीनाम्याच्या दिवसांत शोधूं नये, त्याच्या मागच्या वर्षांत शोधावें. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ पासून मोजतात तो सायकलच्या दुकानामुळें. मुंबईस शिकवीत असतांनाच लक्ष्मणराव तेथून सायकली खरेदी करून बेळगांवास धाडीत; वडील बंधु रामुअण्णा त्या विकीत, आणि गिऱ्हाइकाला सायकलीवर बसावयासहि शिकवीत. दुकान लहान, पण धंद्याचीं सारीं सुखदुःखें त्यांत होतीं : माल पारखणें, पैसा अडकणें, गिऱ्हाइकाची वाट पाहणें, विकलेली वस्तु बिघडून परत आली कीं ती दुरुस्त करून देणें. पगार चालू असतांना हें सर्व भोगून झालें होतें. शिवाय दोघां भावांत कोणीं काय करावयाचें हेंहि ठरून गेलें होतें. बढती हुकली तेव्हां लक्ष्मणरावांना विहिरींत उडी टाकावयाची नव्हती. कंबरेइतक्या पाण्यांत ते आधींच उभे होते. आणखी दोन पावलें पुढें जावयाचें होतें.

तीं दोन पावलें मात्र फार महाग पडलीं. बेळगांवास त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र केलें आणि मग लोखंडी नांगर. लोखंडानें जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज. त्यामुळें पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं. हें वाक्य आपण चरित्रांतून एका दमांत वाचून पुढें जातों. दोन वर्षें म्हणजे दोन पेरण्या, दोन दिवाळ्या, दर आठवड्याची मजुरी, भट्टीचा कोळसा, आणि भिंतीला टेकून ठेवलेला तोच नांगर. त्या शेतकऱ्याला अडाणी म्हणून हंसणें सोपें आहे. मला तो तितका अडाणी वाटत नाहीं. लांकडी नांगर मोडला तर गांवचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देई. लोखंडी फाळ तुटल्यास तो घेऊन कोठें जावें? विकणाऱ्याचा एक नांगर अडकत होता, घेणाऱ्याचें वर्षाचें पीक. आणि फाळाची भीति अगदींच निराधार नसते. ओतीव लोखंड मऊ पडलें तर फाळ लवकर झिजतो, फाजील कडक झालें तर दगडावर आपटून तुटतो. या दोहोंमधली जागा पुस्तकांत वाचून सांपडत नाहीं, भट्टीपाशीं उभें राहून पुन्हा पुन्हा ओतावें लागतें.

या दोन वर्षांना लोक धैर्य म्हणतात. असेलहि. परंतु नुसतें धैर्य न विकल्या जाणाऱ्या वस्तूपाशीं फार दिवस बसत नाहीं, तें दुसरा धंदा शोधावयास निघतें. लक्ष्मणराव बसले, याचें कारण मला तरी असें दिसतें कीं त्यांना धंद्याचा मालक होण्यापेक्षां नांगर चांगला करण्याची ओढ अधिक होती. माझ्या हातांतील पत्रिकेंत २५ च्या २५ प्रश्न माणसाच्या स्वभावाविषयीं होते. तो काय करणार आहे, तें त्याला करतां येतें काय, आणि तें कोणाला हवें आहे काय, यांविषयीं एकहि नव्हता.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. शहराच्या वाढीसाठीं बेळगांवच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली आणि किर्लोस्करांना तेथून उठावें लागलें. अशा वेळीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आधार दिला. बाळासाहेब स्वतः चित्रकार. रंग न ओळखणाऱ्या या जुन्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यास शेवटीं थारा मिळाला तो एका चित्रकाराच्या राज्यांत, ही गंमतच म्हणावयाची. कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ मिळाला. त्यावर निवडुंग आणि साप. १९१० सालीं सुमारें २५ कामगार व त्यांचीं कुटुंबें घेऊन तेथें वस्ती झाली, तीच किर्लोस्करवाडी. या वस्तींतलीं माणसें पाहण्याजोगीं आहेत. वस्तीची आंखणी व व्यवस्था रामुअण्णांकडे. यंत्रांत ज्यांची कल्पकता चाले ते अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. आणि रात्रीचा पहारा दरोडेखोरीची शिक्षा भोगून आलेल्या माणसांच्या हातीं. यांतले कितीजण ७० गुण मिळविते? लक्ष्मणरावांना जें येत नव्हतें तें येणारा माणूस प्रत्येक वेळीं शेजारीं उभा होता. १९१४ च्या महायुद्धांत परदेशी नांगर येईनासे झाले, मागणी वाढली, तर इकडे लोखंडाचीच टंचाई. त्यांतूनहि कारखाना तगला, १९२० सालीं त्याची मर्यादित कंपनी झाली. १९५६ सालीं लक्ष्मणराव वारले.

येथें कोणी म्हणेल, म्हणजे जपून एकेक पाऊल टाकणाराच धंद्यास योग्य. मग सोलापुरच्या वालचंद हिराचंदांचें काय करावयाचें? घरच्या पिढीजात व्यवहारांत मन न रमल्यानें त्यांनीं, पूर्वीं रेल्वेंत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारींत, रेल्वेच्या बांधकामाचीं कंत्राटें धरलीं; आणि १९१९ सालीं सिंदिया कंपनी उभारून ब्रिटिश आगबोटींच्या मक्तेदारीशीं सामना दिला. जपून चालणाऱ्याचीं हीं कामें नव्हेत. स्वभावानें दोघे दोन टोकांस. एकाच प्रश्नपत्रिकेंत दोघांना उत्तीर्ण करणें कठीण. मात्र पहिल्या कामांत शेजारीं माणूस होता, हें येथेंहि चुकलेलें नाहीं.

आतां थोडें स्वतःविषयीं. तिशींत असतांना मीं व एका मित्रानें मिळून छापखाना काढण्याचें ठरविलें होतें. यंत्राचा विसारहि दिला होता. शेवटच्या आठवड्यांत मी कचरलों आणि महाविद्यालयांतली जागा कायम होतांच अंग काढून घेतलें. मित्रानें एकट्यानें पांच वर्षें छापखाना चालविला, कर्ज झालें, यंत्रें विकलीं, व तो दुसऱ्याच्या छापखान्यांत नोकरीस राहिला. तो अजून भेटतो. आपण धंद्यास योग्य नव्हतों हें त्याला नक्की ठाऊक आहे, आणि तें तो सुपारी कातरीत मोकळेपणानें सांगतो. माझ्याविषयीं मला तेवढेंहि सांगतां येत नाहीं. त्या तरुणापुढें मला ओशाळें वाटलें तें यामुळेंच.

पत्रिका परत देतांना मीं त्याला एवढेंच विचारलें, "आजवर किती पंप दुरुस्त केलेस, आणि किती जणांनीं पैसे दिले?" तो जरा वेळ गप्प राहिला. "तीन केले. पैसे एकानें दिले. बाकीचे दोघे आपलेच." त्यानंतर त्यानें मागल्या गल्लींत एक पत्र्याची शेड भाड्यानें घेतली. नोकरी चालू आहे. आठवडाभर मेहुणा तेथें बसतो, रविवारीं हा. परवां आमच्या वाड्यांत पाणी वर चढेना, म्हणून मीं निरोप पाठविला. उत्तर त्याच्या पत्नीनें आणलें : रविवारीं सकाळीं येतील, पण काकांकडूनहि पैसे घेणार आहेत, तेवढें आधींच सांगून ठेव म्हणाले.