अर्भकाच्या सर्वांगीण हालचाली
३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूची स्थिती जोखण्याचे एक साधन. घरात ज्याला ‘हातपाय झाडतंय’ म्हणतात, त्यातली लय मेंदूविकासाचे अभ्यासक हाइन्त्स प्रेख्टल (१९२७–२०१४) यांनी शास्त्रीय नजरेने वाचली. बाळ जागे, शांत, उताणे; हातात खुळखुळा नाही, तोंडात चोखणी नाही. काही मिनिटांचे चित्रीकरण पुरते. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात मान, धड, मनगटे, घोटे यांची बारीक, सर्व दिशांची चुळबुळ दिसावी लागते. ती नसल्यास सेरेब्रल पाल्सीची (मेंदूच्या पक्षाघाताची) शंका बळावते. बुद्धीविषयीचे भाकीत एवढे पक्के नाही. या वयातील एकसुरी हालचालींचा शालेय वयातील कमी बुद्ध्यंकाशी संबंध आढळला आहे. तरी घरातील बोलणे-खेळणे आणि पालकांचे शिक्षण यांचाही वाटा असतोच.