मोटार अपघात भरपाई : वकिलाशी पहिली भेट

मोटार अपघातातील जखमी किंवा मृताचे वारस भरपाईचा दावा लावण्याआधी वकिलाला भेटतात, हकिकत सांगतात, कागद दाखवतात. ती ऐकून वकील प्रकरण घ्यायचे की नाही हे ठरवतो. या भेटीत वकीलपत्रावर सही झालीच पाहिजे असे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ खालील दाव्यांत तिला महत्त्व आहे, कारण पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर जे मांडले जाते त्याचा पाया बहुतांशी इथेच घातला जातो. येणाऱ्याच्या मनात ‘किती मिळतील?’ हा एकच प्रश्न असतो. पण त्या बैठकीत ज्याचे उत्तर देता येत नाही असा प्रश्न नेमका हाच आहे.

महाराष्ट्रात हे काम मोठ्या लॉ फर्मपेक्षा जिल्हा न्यायालयांत स्वतंत्रपणे वकिली करणारेच अधिक करतात. जखमी दवाखान्यात असल्यामुळे पहिल्यांदा येतो तो बहुधा भाऊ, मेहुणा, नाहीतर गावातला एखादा जाणता. त्याने अपघात पाहिलेला नसतो, पण सांगतो मात्र ठामपणे. अनुभवी वकील त्याचे ऐकून घेतो आणि टिपण जखमीशी बोलल्यावरच पक्के करतो. फिर्यादीत एक आणि अर्जात दुसरेच आले, तर विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत तेवढेच धरून बसतो.

कागदांत एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्याचे कागद, उपचारांची बिले आणि समोरच्या वाहनाचा नंबर, विमा व चालकाचा परवाना यांचा तपशील लागतो. पंचनाम्यात वाहने कुठे पडली होती, टायरच्या खुणा किती लांब होत्या, रस्ता किती रुंद होता हे असते. चूक कोणाची हे त्यावरून बरेचसे कळते. दवाखान्याच्या कागदांत आकड्यांइतकाच महत्त्वाचा असतो तो रुग्णाला दाखल करताना लिहिलेला मजकूर. रात्री दोन वाजता घाबरलेल्या नातेवाइकाने सांगितलेले ‘गाडी घसरून पडला’ हे तीन शब्द केसपेपरवर उतरतात, आणि दुसऱ्या वाहनाने धडक दिलीच नाही असा बचाव विमा कंपनी त्यावर उभा करते. हा मजकूर पहिल्याच भेटीत वाचला गेला, तर डॉक्टरांची आणि प्रत्यक्षदर्शीची साक्ष वेळेवर योजता येते. दुसरे वाहनच नसेल आणि स्वतःची दुचाकी स्वतःच्याच चुकीने घसरली असेल, तर थर्ड पार्टी विम्यावर दावा बसत नाही. वाहनमालक स्वतः चालवत असल्यास त्याच्या पॉलिसीतले वैयक्तिक अपघात संरक्षण तेवढे तपासावे. मृत्यू किंवा ठरावीक कायम अपंगत्वासाठीच ते मिळते. हे सांगून माणसाला परत पाठवणारा वकील त्याचा वेळ आणि पैसा दोन्ही वाचवतो.

सर्वांत कमी विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त फरक पाडणारा प्रश्न जखमी नेमके काय काम करतो, हा आहे. शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेत झालेली घट एक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केले. डावा हात गेलेल्या चालकाची किंवा सुताराची रोजीरोटी जवळजवळ पूर्ण जाते. सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. समजा, ३२ वर्षांचा टेम्पोचालक महिन्याला १८,००० रुपये मिळवतो. वार्षिक उत्पन्न २,१६,००० रुपये. २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार स्वयंरोजगारातील चाळिशीखालच्या माणसाला भावी वाढीचे ४० टक्के धरून ते ३,०२,४०० होते. २००९ च्या सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात या वयाचा गुणक १६ आहे, म्हणजे ४८,३८,४०० रुपये. कमाईतली घट ३० टक्के धरली तर १४,५१,५२० आणि ६० टक्के धरली तर २९,०३,०४० रुपये येतात. अपंगत्वाचा दाखला दोन्हीकडे तोच असू शकतो. क्लच दाबताना पाय साथ देतो का, माल चढवता-उतरवता येतो का, परवान्याचे नूतनीकरण होईल का, हे विचारून लिहून घेतले तरच वरच्या आकड्याकडे जाण्याची वाट राहते. नुसते ‘धंदा : ड्रायव्हर’ लिहून ते होत नाही.

आणखी एक गोष्ट वकिलाला लगेच कळायला हवी: विमा कंपनीच्या कुठल्या कागदावर आधी सही झाली आहे का. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२२ पासून, कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. पण विमा कंपनीशी तडजोडीच्या, कलम १४९ च्या पद्धतीने ही रक्कम स्वीकारली, की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. किरकोळ प्रकरणात तडजोड शहाणपणाची ठरते. वर दिलेल्या टेम्पोचालकासारख्याच्या बाबतीत ती घाई महागात पडते. त्याच दुरुस्तीने दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी त्या भरवशावर थांबणे धोक्याचे. पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो; तो गेला की नाही याची चौकशीही याच भेटीत ठरते. दावा अपघात झाला तिथे किंवा दावेदार राहतो तिथे लावता येतो, हे मुंबई-पुण्यात जखमी झालेल्या बीड-जालन्याच्या मजुराला सहसा कोणी सांगत नाही.

फीचे बोलणे लोक शेवटी, उभ्याउभ्या करतात. ते बसून करावे. अमेरिकेत पहिली भेट बहुधा मोफत असते आणि वकील जिंकलेल्या रकमेतला ठरलेला हिस्सा, बऱ्याचदा एक तृतीयांश, घेतो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी नातेवाइकांचा सल्ला त्यामुळे इथे लागू पडत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा विसावा नियम निकालावर अवलंबून फी ठरवण्यास आणि रकमेत वाटा घेण्यास मनाई करतो. अपघात दाव्यातल्या अशिलाने फीपोटी दिलेला धनादेश वटला नाही म्हणून वकिलाने चालवलेला फौजदारी खटला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केला आणि टक्केवारीची फी हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरीही टक्क्यांची बोली पूर्णपणे गेलेली नाही. ती लेखी होत नाही, आणि म्हणूनच अशिलाकडे काही पुरावा उरत नाही. फी किती, टप्पे कोणते, डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च कोणाचा, एवढे कागदावर यावे. कोरे धनादेश किंवा सही केलेल्या पैसे काढण्याच्या पावत्या मागणाऱ्याकडून उठून यावे. दवाखान्याच्या वॉर्डात वकीलपत्र घेऊन हिंडणारा माणूस दलाल असतो. वकिलाला असे काम मिळवणे छत्तिसाव्या नियमाने बंद आहे.

स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, बालके आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर माहिती विचारता येते. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपयांच्या केंद्रीय योजनेचा अर्ज प्रांत किंवा तहसील पातळीवरच्या चौकशी अधिकाऱ्याकडे जातो. त्यासाठी वकील लागतोच असे नाही.

मूळ कागद अशिलाने स्वतःकडे ठेवून वकिलाला प्रती द्याव्यात आणि दिलेल्या कागदांची यादी करून तिच्यावर सही घ्यावी. पुढे वकील बदलायची वेळ आलीच, तर थकलेल्या फीसाठी त्याला कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय आहे.